कामी आले

‘कॅज्युअल्टी’ हा लष्करी शब्द मराठीत आणताना मी दर वेळी अडखळते. मेलेले, जखमी, बेपत्ता, कैदी अशा सगळ्यांना तो एकाच रकान्यात बसवतो. ‘हताहत’मध्ये बेपत्ता आणि कैदी मावत नाहीत, ‘मनुष्यहानी’त माणसे मालासारखी मोजली जातात. आपल्या बखरींना ही अडचण पडत नाही. तिथे माणसे ‘कामी येतात’. मरणे आणि उपयोगी पडणे, दोन्हींना एकच शब्द. पण कोणाच्या कामी, हे त्यात उघड होत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांविषयी वाचताना हा प्रश्न टोचतो. एप्रिल १९१७मध्ये, अरासच्या लढाईच्या काळात, ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरने सुमारे २४५ विमाने गमावली. दोनशेहून अधिक वैमानिक आणि निरीक्षक ठार वा बेपत्ता झाले, शंभरावर शत्रूच्या हाती लागले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड आणि जवळच पेट्रोलची टाकी. विमान पेटले की उडी मारायला पॅराशूट नसे.

पॅराशूटचा शोध लागलाच नव्हता असे नाही. दोराने जमिनीशी बांधलेल्या टेहळणीच्या फुग्यांतल्या निरीक्षकांना ते मिळत होते. विमानात मात्र त्याचे वजन जास्त, जागा अपुरी आणि भरवसा कमी, अशी कारणे होती. ती अगदीच पोकळ नव्हती. त्यांच्या जोडीला एक युक्तिवाद हमखास सांगितला जातो: सुटकेची वाट दिसली, तर माणूस विमान लवकर सोडील.

मला खटकतो तो हा युक्तिवाद. पळण्याची वाट मोकळी असताना जो थांबतो, तो शूर. जिथे वाटच नाही, तिथे थांबण्याला काय म्हणायचे? रोज सकाळी विमानात चढण्याचे धैर्य त्या तरुणांचे स्वतःचे होते. पेटलेल्या विमानात बसून राहणे ही मात्र त्यांची निवड नव्हती. मिक मॅनॉक हा नामांकित ब्रिटिश वैमानिक सोबत पिस्तूल बाळगायचा: विमान पेटलेच, तर स्वतःसाठी. निवड म्हणून एवढीच उरली होती.

१९१८मध्ये जर्मन वैमानिकांना पॅराशूट मिळू लागले. ते दर वेळी उघडेच असे नाही. २९ जूनला एर्न्स्ट ऊडेटने उडी घेतली, ते विमानाच्या सुकाणूत अडकले, तरी तो वाचला. पुढे त्याने वीसहून अधिक विमाने पाडली. सुटकेच्या वाटेने त्याला भित्रा केले नाही. पण हा दाखला मी जपूनच देते. तो पुन्हा कधी उडालाच नसता, तर त्याचा जगण्याचा हक्क कमी झाला असता का? माणूस वाचवावा तो पुढे कामी येईल म्हणून, हा हिशेबही शेवटी तोच रकाना भरतो.

त्याच जुलैत कोलकात्यात जन्मलेल्या १९ वर्षांच्या इंद्रलाल रॉयने दोन आठवड्यांत दहा विजय मिळवले. २२ जुलैला फ्रान्सच्या आकाशात त्याचे विमान पेटून कोसळले. चार दिवसांनी मॅनॉकचे. पॅराशूटने ते नक्की वाचले असते, असे कोणी म्हणू शकणार नाही. पण शौर्याचे पदक देणाऱ्या राज्याने शूराला उडी मारण्याची मुभाही द्यायला हवी. ती न देता त्याच्या मरणाला बलिदान म्हणणे म्हणजे आपला निर्णय त्याच्या नावावर मांडणे.