चौघांच्या खांद्यावरचा माणूस



मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावची घटना आहे. पक्षाघाताने खिळलेल्या माणसाला चौघे जण उचलून आणतात. दारात गर्दी असते, म्हणून छप्पर उघडून त्याला प्रभूपुढे खाली सोडतात. प्रभू येशू त्यांचा विश्वास पाहतो, त्या माणसाला आधी पापक्षमा देतो आणि मग उठून चालायला सांगतो. तो माणूस आपल्या पायांनी येऊ शकत नव्हता. आणणारे होते, म्हणून तो पोहोचला.

दारूने खिळलेला माणूसही असाच असतो. पवित्र मरियेपुढे मेणबत्ती लावून तो शपथ घेतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस निभावतात आणि ईस्टरच्या संध्याकाळी बाटली पुन्हा उघडते. मग आपण त्याला खोटारडा ठरवतो. परंतु दारूचे व्यसन हा आजार आहे, असे आज वैद्यकशास्त्र सांगते. आजारी माणसाला नुसती शपथ पुरत नाही, त्याला सोबत लागते.

ही सोबत देणारी एक चळवळ 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झाली. बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन व्यसनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलले आणि त्या बोलण्यातून दोघेही सावरले. तीच आजची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए. त्याच शहरात 1939 साली, दारुड्यांना दवाखान्यात सहसा कोणी घेत नसताना, सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सिस्टर इग्नेशिया यांनी त्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे 1981 साली फादर जो परेरा यांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केले, तर 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभे केले.

एएच्या मीटिंगमध्ये काय होते? काही माणसे खुर्च्या मांडून बसतात. एक जण आपले पहिले नाव सांगतो, आपण दारूपुढे हरलो हे कबूल करतो आणि आपली कहाणी सांगतो. बाकीचे ऐकतात. कोणी उपदेश करत नाही, मध्ये बोलत नाही. फी नसते, ऐच्छिक वर्गणीची थैली फिरते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. धर्म, जात, पगार कोणी विचारत नाही. जन्मभराची शपथही मागत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच ठरवायचे. पहिल्या दिवशी काही न बोलता बसले तरी चालते.

काही जण म्हणतात, पापनिवेदन केले की झाले, मीटिंग कशाला? प्रभूने त्या माणसाला क्षमाही दिली आणि चालायलाही लावले. प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते. रोज पाऊल टाकायला सोबती लागतात. दोन्ही देणे त्याचेच आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘लोके काय म्हनतीन?’ हा प्रश्न पांझरेचा पूल ओलांडण्याआधीच माणसाला घरी परतवतो. म्हणून लक्षात ठेवू या, मीटिंगमध्ये पाहिलेला चेहरा आणि ऐकलेली गोष्ट बाहेर न्यायची नाही, हा एएचा नियम आहे. शिवाय तो झोकांड्या खात घरी येतो, ते गल्लीने पाहिलेलेच असते. लाज पिण्याची वाटावी, उपचाराची नव्हे.

मीटिंग शोधायची कशी? 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. मनाच्या त्रासासाठी 14416 आहे. जवळची मीटिंग कुठे भरते, हे एएच्या लोकांना विचारावे. लांब पडत असेल तर मोबाईलवरही मीटिंग होतात. एक सावधगिरी मात्र हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. घरच्यांसाठी अल्-ॲनॉन नावाच्या मीटिंग असतात. तो यायला तयार नसला तरी त्याची पत्नी, आई तिथे जाऊ शकते.

आता आपले काम. लग्नात, नामकरणात ‘एकच घोट घे’ असा आग्रह करू नये. सावरणाऱ्याला तो एक घोट पुन्हा खाटेवर पाडतो. द्राक्षारसाची भीती वाटणाऱ्याने मिस्सामध्ये केवळ भाकरीच्या रूपात प्रभुभोजन घ्यावे. त्यातही ख्रिस्त पूर्णपणे असतो. पहिल्या मीटिंगला दारापर्यंत सोबत जावे आणि बाहेर थांबावे. तो पुन्हा घसरला, तर टोमणा न मारता पुन्हा उचलावे. कफर्णहूमच्या त्या चौघांची नावे शुभवर्तमानात नाहीत. आपलीही नसली तरी चालतील.

हे प्रभू येशू, आमच्या घरांत खिळून पडलेल्या बांधवांकडे कृपादृष्टीने पाहा. त्यांना उठण्याचे बळ दे आणि आम्हांला त्यांची खाट उचलण्याचा विश्वास दे. आमेन.