धृपद धरणारा

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव देशाला पाणलोटाच्या आणि श्रमदानाच्या कारणाने ठाऊक झाले. परंतु फौजेतील नोकरी पुरी करून १९७५ साली गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी जे काम आरंभिले, त्याच्या प्रारंभी बांधबंदिस्ती नव्हती, तर यादवबाबांच्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार होता, आणि तो त्यांनी आपल्या नोकरीच्या पुंजीतून केला. त्या आधीच्या काळात देवळाचे लाकूडदेखील दारूच्या भट्ट्यांखाली जळाले होते असे सांगतात. पर्जन्यछायेतील दुष्काळी मुलखात, जेथे प्यायच्या पाण्याची आणि पोटाच्या भाकरीची भ्रांत, तेथे आधी देऊळ का, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे व्यवहारी उत्तर असे देता येईल की गावाला एकत्र बसण्यासाठी छप्पर हवे होते. मला मात्र त्या छपराखाली जे चालते त्याविषयी, विशेषतः तेथे बसून आयुष्यभर टाळ कुटणाऱ्या, पखवाज बडविणाऱ्या आणि कोणत्याही उस्तादाची तालीम न घेतलेल्या माणसाविषयी, एक जुना धर्मप्रश्न उकलून पाहावयाचा आहे.

हा माणूस नगर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत आढळतो. तो दिवसा औत धरतो किंवा गुरे राखतो, आणि रात्री हरिपाठाला पखवाज घेतो. त्याला कोणी शिकविले असे विचारले तर तो बहुधा हसून म्हणतो की ऐकून ऐकून हात बसला. हा हात कसा बसतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, ज्याला धूम म्हणतात, वाजविण्यापूर्वी भिजवलेली कणीक लावावी लागते. ती अधिक झाली तर नाद जड होऊन बसतो, उणी पडली तर त्याला खोली येत नाही, आणि नेमकी किती हे सांगणारे माप कोठेच नाही, कारण आषाढातल्या ओलसर हवेत पान सैल पडते आणि चैत्रातल्या रखरखीत हवेत ते ताणते. म्हणून तो एक बोट कणीक लावतो, तळव्याने थाप देतो, कान वाकडा करून ऐकतो, नखाने थोडी खरवडून काढतो, वादीखालचा गट्टा हातोडीने किंचित सरकवितो, आणि पुन्हा थाप देतो. गाणारे तोवर खोळंबलेले असतात, पण त्याला घाई करण्याचे धैर्य गावच्या पाटलालाही होत नाही. भजन आटोपल्यावर ती कणीक खरवडून टाकायची, आणि दुसऱ्या रात्री सारा खटाटोप नव्याने करावयाचा. चाळीस वर्षे वाजविणाऱ्यालाही कालची कणीक आज उपयोगी पडत नाही.

आता प्रश्न असा की या माणसाने आयुष्यभर जे केले त्याला साधना म्हणावे काय? शास्त्रांकडे जावे तर उत्तर सहजासहजी मिळत नाही. मुंडकोपनिषद सांगते की ज्ञानासाठी हाती समिधा घेऊन श्रोत्रिय, ब्रह्मनिष्ठ गुरूकडेच जावे. आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांतूनही गुरू न केलेल्याला निगुरा म्हणून हिणविण्याची चाल आहे. याज्ञवल्क्यस्मृती संगीताविषयी फार उदार आहे. वीणावादनाचे तत्त्व जाणणारा, श्रुती आणि जाती यांत निष्णात, ताल जाणणारा पुरुष अनायासे मोक्षमार्गाला लागतो असे ती म्हणते, परंतु त्या औदार्याला जाणकारीची अट आहे, आणि आमच्या पखवाजीला श्रुती म्हणजे काय हे विचारले तर तो निरुत्तर होईल. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत हरिण आहे, आणि त्या हरिणापासून शिकावयाचे ते हे की पारध्याच्या गीताला भुलून ते जाळ्यात सापडते, म्हणून वनात राहणाऱ्या यतीने ग्राम्य गीत कधी ऐकू नये. अशा रीतीने एक ग्रंथ त्याला गुरूवाचून दाराबाहेर उभा करतो, दुसरा विद्येवाचून, आणि तिसरा तर त्याच्या गाण्यालाच पाश ठरवितो. तिसऱ्या ग्रंथाचा निषेध विषयासक्त गाण्याला आहे, हरिकीर्तनाला नाही, आणि त्याच भागवताने नवविधा भक्तीत कीर्तनाला श्रवणाच्या लगोलग स्थान दिले आहे, असे म्हणून समाधान करून घेता येते. पण जो प्रामाणिकपणे गातो-वाजवितो त्याला ठाऊक असते की हरीच्या गाण्यातही नाद हा नादच असतो, आणि मन नामावर आहे की सुरावर, याची खातरी त्याची त्यालाही देता येत नाही.

एकलव्याचा दाखला येथे कोणालाही सुचेल. मला तो अपुरा वाटतो, कारण एकलव्य अरण्यात एकटा शिकला आणि शिकण्याचा त्याचा हेतू धनुर्धर होण्याचा होता. गावचा पखवाजी चारचौघांत शिकतो, आणि पखवाजी होण्यासाठी शिकतो असेही नाही. अधिक जवळचे उदाहरण आपल्याकडे आहे, ते देहूचे. तुकोबांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांतून आपली जी हकीकत दिली आहे तीत त्यांनी काहीच लपवून ठेवलेले नाही: आरंभी कीर्तनात चित्त लागत नव्हते, अभ्यास नव्हता, म्हणून संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली, आणि जे पुढे उभे राहून गात त्यांच्या मागे राहून भावाने धृपद धरले. या कबुलीपुढे मी वारंवार थबकतो. महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या कवीची तालीम म्हणजे दुसऱ्याच्या मागे उभे राहून पालुपद म्हणणे! त्यात निवड आपली नसते, चाल आपली नसते, कोठे थांबावे हेही पुढचा ठरवितो. आपला असतो तो फक्त कान, आणि नेमक्या क्षणी सुरात सूर मिळविण्याची तयारी. ज्याला आपण स्वयंशिक्षित म्हणतो तो वस्तुतः असा असंख्य माणसांच्या मागे उभा राहून शिकलेला असतो. त्याला गुरू नसतो असे नाही, तर त्याचे गुरू इतके आणि असे निनावी असतात की त्यांपैकी एकाचेही नाव त्याला सांगता येत नाही.

तुकोबांच्या दीक्षेची हकीकत याहून विलक्षण आहे. माघ शुद्ध दशमीच्या गुरुवारी त्यांना स्वप्नात गुरूने अंगीकारले. राघवचैतन्य, केशवचैतन्य ही परंपरेची खूण आणि बाबाजी हे आपले नाव सांगितले, मस्तकावर हात ठेवला, आणि रामकृष्णहरी हा मंत्र दिला. त्या वेळी गुरूने भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्याचा विसर पडला, असे तुकोबा स्वतःच नमूद करतात. एवढ्या मोठ्या प्रसंगात हे पावशेर तूप त्यांनी का नोंदवून ठेवले असावे? ज्याने सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली आणि आपल्या वाट्याच्या कुळांना कायमची फारखती दिली, त्याच्या स्वतःच्या खाती ही एक बाकी राहिली, आणि ती फेडण्याचा मार्ग उरला नाही, कारण घेणेकरी जागेपणी पुन्हा भेटलाच नाही. मला वाटते, गुरूवाचून शिकलेल्या प्रत्येक कलावंताची धार्मिक स्थिती हीच आहे. ज्याने रीतसर गंडा बांधला त्याची गुरुदक्षिणा ठरते, ती तो देतो, आणि काही अंशी तरी मोकळा होतो. याच्यावरचे ऋण खरे आहे, पण ते कोणाला द्यावयाचे हे त्याला ठाऊक नाही. म्हणून जो कोणी समोर येईल, ज्याचे कीर्तन असेल, ज्याच्या घरी गोंधळ किंवा भजन असेल, त्याच्या पदरात तो ते घालीत राहतो. बोलावले की पखवाज खांद्याला अडकवून निघतो. बिदागी मिळाली तर घेतो, न मिळाली तरी पुढच्या वेळी जातो. त्याच्या आयुष्यभराच्या वाजविण्याचा उगम हौशीत असेल, परंतु ते टिकते या न फिटणाऱ्या ऋणावर, अशी माझी धारणा आहे.

ही परंपरा राळेगणच्या आसमंतापासून दूरची नाही. त्याच पारनेर तालुक्यात पिंपळनेर आहे, आणि तेथे वारकरी पंथाचे अखेरचे थोर अभंगकर्ते मानले जाणारे निळोबाराय नांदले. ते कुलकर्णी वतनाचे धनी. पूजा चालू असता सरकारी बोलावणे आले, पूजा अर्धी टाकून उठावे लागले, आणि मन इतके विटले की त्यांनी दफ्तर खाली ठेवून वतनावर पाणी सोडले, असे परंपरा सांगते. पुढे त्यांना ध्यास लागला तो तुकोबांचा, आणि तुकोबा तर वैकुंठवासी झालेले. देहूस जाऊन त्यांनी धरणे धरले. तेव्हा भेटीस पांडुरंग आला, तर निळोबांनी त्यालाच विचारले की तुला येथे कोणी बोलाविले होते? हा भाव त्यांच्या अभंगातच आहे. अखेर तुकोबांनी दर्शन देऊन अनुग्रह केला. देवाला बाजूस सारून गुरूसाठी अडून बसणारा हा शिष्य, आणि त्याचा गुरू देहाने नाही. त्या गुरूचा गुरू स्वप्नातला. म्हणजे ज्या पंथाने गुरुभक्तीचा एवढा महिमा गायिला, त्याच पंथाच्या दोन पिढ्यांत जिवंत माणसाने समोर बसवून शिकविल्याची घटनाच नाही. जे हाती आले ते अभंगांतून, म्हणजे गाण्यातून आले. मला तर यात निगुरेपणाच्या आक्षेपाचे पुरते निरसन दिसते.

पण हरिणाचे काय? पाशाचा आक्षेप एवढ्याने सुटत नाही. याच जिल्ह्यातील संगमनेरचे अनंतफंदी (१७४४–१८१९) डफावर थाप टाकून तमाशे गाजवीत. अहिल्याबाई होळकरांनी ऐसा गुणी ब्राह्मण तमाशात रमतो म्हणून कानउघाडणी केली आणि फंदींनी डफ फोडून कीर्तनाची कास धरली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. चौंडीच्या या लेकीचे नाव आता जिल्ह्यालाच मिळाले असल्याने ती पुन्हा पुन्हा सांगितली जाईल. बाईंच्या धर्मनिष्ठेविषयी मला नितांत आदर आहे. तरीही डफ अपराधी होता असे मला म्हणवत नाही. फंदींच्या कीर्तनाला रंग चढला असेल तर तो डफावर तापलेल्या लयीमुळेच, आणि त्यांचे उपदेशपर फटके आजही लक्षात राहतात ते त्यांतील ठेक्यामुळे. आसक्ती वाद्यात नसते. ती कोठे असते याचा विचार करताना मला अवधूताचाच दुसरा एक गुरू आठवतो: बाण घडविणारा कारागीर, ज्याच्या शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळले नाही. हरिण नुसते ऐकते, आणि त्याच्या हाताला काही काम नसते. इषुकाराचे सारे चित्त हाताखालच्या कामात उतरलेले असते. भागवताने या दोघांना समोरासमोर ठेवलेले नाही, ते मी ठेवीत आहे. परंतु कणकेचा अंदाज घेत, गाणाऱ्याच्या श्वासाकडे डोळे लावून, लय एका केसानेही पुढे जाऊ न देणारा पखवाजी मला हरिणापेक्षा त्या कारागिराच्या जातीचा वाटतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे की अनाहत नाद मुक्ती देतो पण रंजन करीत नाही, म्हणून लोकांचे रंजन करणारा आणि भवबंधही तोडणारा आहत नाद सांगावयाचा. आघातातून निघालेल्या, कातड्याच्या आणि कणकेच्या नादाला इतका मान देणारा ग्रंथ या भूमीत निर्माण झाला ही मोठी गोष्ट आहे.

मात्र एक भय खरे आहे, आणि ते हरिणाच्या भयाहून सूक्ष्म आहे. धृपद धरता धरता हात तयार होतो, गाव वाहवा करू लागते, आणि एके दिवशी गाणाऱ्याच्या शब्दावर पखवाजाचा बोल चढतो; अभंगाचे चरण ऐकू येईनासे होतात, तुकडे तेवढे ऐकू येतात. ज्याला गुरू असतो त्याला अशा वेळी कान धरणारे कोणी असते. याला आवरणारी एकच सत्ता, ती म्हणजे फडाची. गाणारा मागे वळून नुसते पाहतो. ज्याला त्या पाहण्याचा अर्थ कळतो त्याचा हात खाली येतो. ज्याला कळत नाही तो उत्तम वादक होऊ शकेल, त्याच्या वाजविण्याला परमार्थ म्हणण्यास मी धजणार नाही.

आज परिस्थिती पालटली आहे. विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली, तिच्यामागून अनेक संस्था निघाल्या, आणि तेथून शिकून आलेली मुले स्वच्छ, शास्त्रोक्त वाजवितात. याचा मला आनंदच आहे. सप्ताहाच्या पत्रिकेवर गायनाचार्य, मृदंगाचार्य अशी बिरुदे लावून त्यांची नावे छापली जातात. परंतु अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते, रात्रंदिवस ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असावी लागते, आणि पहाटे दोन ते चार असा जो पहारा कोणालाच नको असतो तो घेण्यास हेच ऐकून शिकलेले म्हातारे उभे राहतात. बोटे आखडली, पखवाज झेपेनासा झाला, म्हणून त्यांचे वाजविणे एका तारेवर आलेले असते. सप्ताहकमिट्यांनी तरण्या पोरांचे पहारे लावताना या माणसांना विश्रांतीच्या नावाखाली यादीतून वगळू नये, आणि काल्याच्या कीर्तनात एक अभंग तरी त्यांच्या जुन्या चालीवर घेऊन त्यांना पुढे गाऊ द्यावे. मृदंगाचार्यांनी तेवढा वेळ त्यांच्या मागे धृपद धरावे.