सशांचे कान

पावसाळा सरल्यावर गगनबावड्याहून करूळ घाट उतरायला लागलं की रस्त्याकडेच्या झुडपांवर खाजकुयलीचे वेल चढलेले दिसतात. दिवाळीच्या सुमारास जांभळ्या फुलांचे घोस लटकत असतात, पुढे शेंगा धरतात, आणि त्या वाळल्या की त्यांच्यावरची सोनेरी लव नुसत्या वाऱ्यानेही अंगाला लागते. ती लव शाळेच्या बाकावर टाकणारं वात्रट पोर प्रत्येक गावात असतंच. मग शेण चोळा, राख लावा, घरी जाऊन बोलणी खा. याच शेंगेच्या बियांमध्ये एल-डोपा असतं, वजनाच्या साधारण चार-पाच टक्के. कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णाला डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिच्यात मुख्य औषध तेच. बियांत ते आहे हे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली दाखवलं. कंपवातावर त्याचा काही उपयोग असेल, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

कोकणात आणि सह्याद्रीच्या ओल्या रानांत आणखी एक झुडूप सापडतं, ते म्हणजे सर्पगंधा. उंची गुडघ्याएवढी, पांढरी फुलं, तांबडे देठ, मूळ कडूजहर. झोप न येणाऱ्याला आणि वेड लागलेल्याला हे मूळ देण्याची चाल जुनी. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळावर लेख लिहिला, त्यात उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्ही तक्रारी होत्या. पुढे मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाचं सूत्र धरलं. त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयातल्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या वापराचे निष्कर्ष छापले. १९५७ चा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांनाही मिळाला आणि क्लाइन यांनाही.

आपल्याकडे ही गोष्ट सांगणारा माणूस बहुधा इथेच थांबतो. ‘बघा, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ एवढं म्हणायला तेवढी पुरते. मला मात्र गोष्टीचा उरलेला भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात औषध उलटतं.

रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. मनोरुग्णालयात मोठ्या मात्रा घेणाऱ्यांचे हातपाय ताठरले, बोटं थरथरू लागली, चाल आखडली. औषधामुळे कंपवात! उदासीचं प्रकरण तर अजून पुरतं मिटलेलं नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांना रेसर्पिन किंवा औषध नसलेली सारखीच दिसणारी गोळी देऊन तुलना केली. १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेला निकाल रेसर्पिनच्या बाजूने होता. एकीकडे औषध माणसाला खचवतं अशी बोंब, दुसरीकडे ते उदास माणसाला सावरतं असा कागद. पाठ्यपुस्तकांनी पहिली बाजू उचलली, कारण मेंदूतली काही रसायनं कमी पडल्याने उदासी येते या सिद्धान्ताशी ती छान जुळत होती.

ताठरण्याचा धागा स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी धरला. त्यांनी सशांना रेसर्पिन टोचलं. ससे जागच्या जागी गोठले, कान खाली पडले. मग त्यांना एल-डोपा दिलं, आणि थोड्याच वेळात कान उभे राहिले, ससे हिंडू लागले. हे १९५७ साल. मेंदूत एल-डोपापासून बनणाऱ्या डोपामिन या रसायनाला स्वतःचं काम आहे हे त्यातून उमगत गेलं, आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. सर्पगंधेच्या अर्काने मेंदूतला डोपामिनचा जो साठा रिकामा केला, तो खाजकुयलीच्या बीत असलेल्या द्रव्याने पुन्हा भरला. एकाच रानातल्या दोन वनस्पतींची गाठ अशी एका सशाच्या मेंदूत पडली.

हा शोध लागला तो औषधाच्या दुष्परिणामातून. म्हणून नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीकडे ‘औषध लागू पडतं का’ याची परीक्षा म्हणून पाहणं मला चुकीचं वाटतं. तिथे थोड्याच माणसांना, बहुधा निरोगी स्वयंसेवकांना, लहान मात्रेपासून चढत जाऊन औषध देतात आणि शरीर कुठे कुरकुरतं ते टिपतात. मनाच्या औषधात हे टिपणंच अवघड, कारण रक्तदाबाला यंत्र आहे, खिन्नतेला प्रश्नावली आहे. ‘झोप कशी लागली’ हे कुणी विचारलंच नाही तर ते कागदावर येत नाही. आणि ‘लागू पडतं का’ याचं उत्तरही झटपट मिळत नाही. खाजकुयलीचंच घ्या. १९७८ मध्ये मुंबईच्या अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर तिचा अभ्यास छापला. २००४ मध्ये लंडनमध्ये अवघ्या आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅम बियांच्या पुडीने नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर गुण दिला. आठ माणसं म्हणजे सिद्धता नव्हे. तेवढ्या भरवशावर बांधावरच्या बिया कुटून आज्जीला दुधातून द्यायच्या, हा तर धोकाच. बीमध्ये एल-डोपा किती हे वेलीगणिक बदलतं, मळमळ होऊ शकते, रक्तदाब उतरू शकतो, आणि दुधातली प्रथिनं औषध नीट शोषू देत नाहीत ते वेगळंच.

चाचणीत भाग घेणाऱ्याच्या संमतीबाबत कायदा आता पुष्कळ पुढे आला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार संशोधनासाठी सहसा रुग्णाची स्वतःची, समजून दिलेली संमती लागते. २०१९ च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या माणसाची संमती दृश्य-ध्वनी मुद्रणासह घ्यावी लागते. अडचण आहे ती संमतीपत्राचा मजकूर समजावण्यात. चाचण्या मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत चालतात. गगनबावडा तालुक्यातलं घर तिथे पोचतं तेव्हा कोल्हापूरचे डॉक्टर झालेले असतात, देवऋषी झालेला असतो, गाडीभाड्याला उसनवारीही झालेली असते. अशा घरासमोर ‘या चाचणीतून तुम्हाला फायदा होईलच असं नाही’ ही ओळ वाचली जाते. रुग्णाचा पोरगा मान डोलावतो आणि डॉक्टरांना विचारतो, ‘म्हंजे बरं हुईल न्हवं?’ या प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ असं स्पष्ट उत्तर द्यायला डॉक्टरला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि ती पाच मिनिटं चाचणीच्या अंदाजपत्रकात धरायला हवीत.