विचार करा, घोळत बसू नका



चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात राहणाऱ्या तुम्हाला रोवणी शिकवायला नको. पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले, बांधीत पाणी साचले, की रोवणी व्हायलाच हवी. आज करू की उद्या, असे घोळत बसलात तर पऱ्हे जून होतात, फुटवे कमी येतात.

घरातही हेच घडते. मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवावे काय? लोक काय म्हणतील? खर्च झेपेल काय? असा महिनाभर खल चालतो आणि प्रवेशाची मुदत निघून जाते. आपल्याला वाटते, आपण काहीच ठरवले नाही. पण त्या न ठरवण्याची किंमत मुलगी जन्मभर मोजते.

कोणी विचारील, बाबासाहेबांनीही २१ वर्षे विचार केलाच ना? केला. पण हिंदू धर्म सोडायचा, हे १९३५ साली येवल्यालाच ठरले होते. पुढचा अभ्यास कोणता धर्म स्वीकारायचा याचा होता. त्या काळात हातचे काम थांबले नाही. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, पुढे संविधानाचा मसुदा झाला. आणि १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ऑक्टोबरला आपले चांदा!

म्हणून प्रश्नाला मुदत घाला. माहिती घ्या, जाणत्यांना विचारा, त्या मुलीलाही विचारा आणि ठरल्या दिवशी निर्णय करा. चुकले तर सुधारता येईल. जून झालेले पऱ्हे मात्र पुन्हा कोवळे होत नाहीत.