सुताची काळजी आणि माणसाची

हवा कोरडी झाली की कापसाचे सूत तुटू लागते. म्हणून कापडगिरण्यांच्या साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. सुताची ही काळजी उत्पादनाच्या हिशेबाने घेतली जाते आणि त्यात वावगे काही नाही. कारण सुताला कापड होण्यापलीकडे प्रयोजन नाही. त्याच दमट हवेत उभ्या असलेल्या साचेवाल्याचेही तसेच आहे काय? म्हैसूरच्या मेटगळ्ळीसारख्या कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यास हा प्रश्न टाळता येत नाही. कामगारांच्या स्वास्थ्याचा विषय निघाला, की "त्याने उत्पादन किती वाढेल?" अशी पृच्छा ठरलेलीच असते.

उत्पादन वाढते, यास पुरावा आहे. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत ए. के. राइस या अभ्यासकाच्या सूचनेवरून कामगारांनी आपापले छोटे गट बनविले आणि ठराविक सांच्यांची जबाबदारी एकेका गटाने घेतली. पुढे उत्पादन वाढले, खराब कापडाचे प्रमाण घटले. मालकाची समजूत पटविण्यास हा दाखला उत्तम होय.

तथापि, नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांच्या ज्या मागण्या मांडल्या, त्यांची भाषा निराळी होती. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर वेतन, दुखापतीच्या काळात आधार! १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली, ती थकलेल्या देहाचा हक्क म्हणून.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. स्वास्थ्याचा आधार नफा असेल, तर नफा सरताच स्वास्थ्याचा हक्कही सरतो. कापसाच्या धुळीने ज्याची फुप्फुसे निकामी झाली, त्याच्या औषधपाण्याने वारभर कापडही अधिक निघत नाही. मग त्याने काय करावे?

नोकरीपायी परमुलखात राहणारे आपण रजेला 'हक्काची' म्हणतो. रजेनंतर किती फायली अधिक हातावेगळ्या होतील, हे अर्जात लिहीत नाही. मग तोच हिशेब गिरणीकामगाराकडे कोणत्या न्यायाने मागावा? पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. म्हणून पोथी फलश्रुतीसाठी रचलेली नसते. वाढलेले उत्पादन ही स्वास्थ्याची फलश्रुती होय. ती लाभली तर आनंदच आहे. न लाभली तरी पोथी खोटी ठरत नाही.