हळू गेलो म्हणून दिसले



सोमवार हा आम्हा धर्मगुरूंचा सुट्टीचा दिवस. गेल्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळची मिस्सा आटोपून मी माझी जुनी मोटरसायकल बाहेर काढली आणि जव्हार-मोखाड्याच्या दिशेने निघालो. काम काही नव्हते. कोणाला भेटायचेही नव्हते. आज गाडी हळू चालवायची, एवढेच मनाशी ठरवले होते.

वसईहून महामार्गाने मनोर आणि तेथून विक्रमगडमार्गे जव्हार. महामार्गावर आपल्याला पुढच्या ट्रकचा लाल दिवा तेवढा दिसत असतो. विक्रमगड मागे पडले, चढण लागली आणि अंगाला गारवा जाणवू लागला. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. मुकणे राजघराण्याचे हे संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही पाहायला मिळतो. हा सगळा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि वसई व मोखाडा एकाच जिल्ह्यात राहिले. कागदावर तरी आपण शेजारी आहोत.

जव्हारला चहा घेतला आणि मोखाड्याचा रस्ता धरला. पुढे खोडाळ्याच्या बाजूला मोठा रस्ता सोडून पाड्यापाड्यांना जोडणाऱ्या अरुंद वाटांवर गाडी घातली. हिवाळा सरत आला होता. सागाची पाने गळून रस्त्याच्या कडेला साठली होती. पळस फुलला होता, काटेसावरीच्या उघड्या फांद्यांवर लाल फुले आली होती. आंब्याला मोहोर होता. खाचरांत कोठे कोठे राब भाजण्यासाठी डहाळ्या आणि पालापाचोळा पसरून ठेवला होता. पावसाळ्यात याच राखेत नागलीची आणि भाताची रोपे वाढणार. वीस-पंचविसाच्या वेगाने मी चाललो होतो. आणि शांतता! गाडी बंद केली की पाखरांचा आवाज तेवढा उरायचा. मी मनात म्हणालो, देवाने आपल्याला किती जवळ किती सुंदर जागा दिली आहे, आणि आपण मात्र सुट्टी काढून लोणावळ्याला जातो.

एका पाड्याजवळ तहान लागली म्हणून थांबलो. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी आजी बसली होती, जवळ दोन नातवंडे. मी पाणी मागितले. आजीने काही न विचारता आतून तांब्या भरून आणला. मी गटागटा प्यायलो. "आणखी देता का?" म्हणालो. दुसरा तांब्या आला. त्यातले अर्धे प्यायलो आणि अर्ध्याने तोंड धुतले. रस्त्याची धूळ होती ना!

मोठी नात माझ्याकडे पाहत होती. मग तिने कोपऱ्यातला हंडा उचलला आणि ती चालू लागली. मी आजीला विचारले, "कुठे चालली ही?" आजी म्हणाली, "पाण्याला." पाड्याची विहीर आटत आली होती. खाली ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डा खणला होता, त्यात झिरपलेले पाणी वाटीने भरून आणायचे. जायला-यायला तास मोडतो, म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी विचारले म्हणून तिने सांगितले.

तेव्हा मी पाड्याकडे नीट पाहिले. निम्म्या दारांना कुलपे होती. "माणसं कुठे गेली, आजी?" "कामाला. दिवाळी झाली की जातात. कोणी भिवंडीला भट्टीवर, कोणी वसईला बिल्डिंगीच्या कामाला. आता शिमग्याला येतील." तिचा मुलगा आणि सूनही वसईलाच होती.

बंधुभगिनींनो, ज्या शांततेसाठी मी सकाळपासून देवाचे आभार मानत होतो, तिच्यात या कुलपांचाही वाटा होता. त्या घरांतली माणसे माझ्याच गावात विटा आणि सिमेंट वाहत होती, म्हणून त्यांच्या गावात मला एवढी निवांत वाट मिळाली होती.

परतताना एकच प्रश्न डोक्यात होता. ते पाणी मी तोंडावर मारले, ती माझी चूक होती का? मला तर काही ठाऊकच नव्हते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा प्रश्न आम्ही तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो होतो. परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले होते. संत थॉमस अज्ञानाचे प्रकार करतात. जे जाणून घेणे माणसाच्या हाती नसते, त्या अज्ञानाचा दोष त्याच्यावर येत नाही. पण जे जाणून घेता आले असते आणि जाणून घ्यायला हवे होते, ते आळसाने किंवा सोयीसाठी आपण जाणून घेतले नाही, तर "मला माहीत नव्हते" हे उत्तर पुरे पडत नाही. आणि माणूस मुद्दाम दुर्लक्ष करत असेल, म्हणजे कळले तर वागणे बदलावे लागेल म्हणून कळूच नये अशी त्याची इच्छा असेल, तर तो दोष कमी न होता वाढतो.

माझे अज्ञान यांपैकी कोणते? मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी दर उन्हाळ्यात तेथल्या अनेक पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, ही बातमी मी किती वर्षे वाचत आलो आहे! पाऊस चार महिन्यांत पडून जातो, खाली काळा कातळ आहे, पाणी मुरत नाही, नद्या खोल दऱ्यांतून वाहतात आणि वस्त्या वर डोंगरावर. याच तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण आहे. शंभर मीटरहून उंच असे हे धरण २०१४ साली लोकार्पण झाले आणि त्यातून मुंबईला दररोज सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. हे सगळे मला ठाऊक होते. म्हणजे माहिती माझ्याकडे होती. नव्हती ती फक्त एका हंड्याची आणि तो उचलणाऱ्या मुलीची ओळख.

मुंबईने पाणी पळवले, एवढे सोपे उत्तर मी देणार नाही. एक कोटीहून अधिक माणसांना तहान आहेच, आणि दरीतले पाणी डोंगरावर चढवायला वीज, पंप, पैसा आणि इच्छा, सगळेच लागते. आणि आपण वसईकरांनी मुंबईकडे बोट दाखवावे असेही नाही. आपल्या शहराच्या नळांना येणारे बरेचसे पाणी सूर्या प्रकल्पाचे, म्हणजे धामणी धरणाचे. ती सूर्या नदी जव्हारच्या डोंगरांकडूनच वाहत येते, आणि तो प्रकल्प मुळात शेतीला पाणी देण्यासाठी योजलेला होता. पाणी उताराकडे वाहते, हा निसर्गाचा नियम आहे. पण त्या मुलखातली माणसेही आपल्याकडेच उतरून येतात. उलट चढून वर काय जाते? सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलवर बसून आपण जातो.

वसईच्या जुन्या माणसांना तर हे समजावून सांगावे लागू नये. १९८०-९०च्या दशकांत आपल्याच वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकर भरभरून बाहेर नेले जात होते आणि आपल्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या होत्या. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली, दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर आपल्या आयाबहिणी रस्त्यावर उतरल्या. "आमचे पाणी नेताना आम्हाला विचारले का?" हा आपला प्रश्न होता, आणि तो न्याय्य होता. आज तोच प्रश्न मोखाड्याच्या आजीने आपल्याला विचारला, तर तो तितकाच न्याय्य नाही का?

माहिती असणे आणि दिसणे यांतले अंतर किती महाग पडते, हे या मुलखाने एकदा पाहिले आहे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंची बातमी आली आणि सारा महाराष्ट्र हळहळला. मंत्री, अधिकारी, पत्रकार यांच्या गाड्या तेथे पोहोचल्या. पण ती मुले त्याआधीच्या वर्षी पोटभर जेवत होती का? भूक जुनीच होती. कोणी थांबून पाहिले नव्हते, एवढेच.

म्हणून वेग हा मला आता केवळ वाहतुकीचा विषय वाटत नाही. वेगाने जाणाऱ्याला "मला दिसले नाही" असे म्हणता येते. आपले सारे आयुष्यच असे वेगात चालले आहे, आणि खरे सांगायचे तर ते आपल्या सोयीचेही आहे. घाईत असलेल्या माणसाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. हळू जाणाऱ्याची ही सबब संपते.

येथे कोणी म्हणेल, "फादर, महिन्यातून एक दिवस माणसाने मोकळ्या हवेत फिरू नये का? पळस फुललेला पाहिला तर त्यातही अपराध?" मुळीच नाही. माणूस केवळ कामासाठी जन्मलेला नाही, निवांतपणासाठी आपण काम करतो, असे ॲरिस्टॉटलने सांगितले, आणि मला ते पटते. पण त्याच्या अथेन्समध्ये ज्यांना निवांतपणा होता त्यांची कामे गुलाम करत होते. निवांतपण खोटे नव्हते, पण त्याचा हिशेब दुसऱ्या कोणाच्या नावावर मांडलेला होता. पळस सुंदरच आहे, आणि तो पाहून आनंद होणे चांगलेच आहे. त्या आनंदाची लाज वाटून घेण्यात अर्थ नाही, कारण माझ्या लाजेने आजीची विहीर भरणार नाही. जिथे मला आनंद मिळाला, तिथल्या माणसांचे मी काही देणे लागतो, एवढे मान्य करणे मला पुरेसे वाटते. लाज माणसाला तोंड लपवायला लावते. देणे मान्य केले की ते फेडण्याचा विचार सुरू होतो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण शेकडो वेळा ऐकली आहे. तीही रस्त्यावरच घडते. तिथे याजकानेही जखमी माणसाला पाहिले होते. न पाहता गेला असे नाही. या पदावर असल्यामुळे ते वाक्य मला नेहमी टोचते. पण या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. शोमरोन्याकडे स्वतःचे जनावर होते. त्याने जखमी माणसाला त्यावर बसवले, म्हणजे बहुधा तो स्वतः पायी चालला. आधी तो खाली उतरला, बाकीचे सगळे त्यानंतर घडले.

आपण खाली उतरायचे म्हणजे काय करायचे? मोठ्या योजना शासनाने करायच्या आहेत आणि त्या मागत राहायला हव्यात. पण काही गोष्टी आपल्या घराच्या दारात आहेत. आपल्या बांधकामावर, वाडीत, नाक्यावर मजूर उभे असतात. त्यांना "कुठल्या पाड्याचे?" एवढे तरी विचारू या. ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी देऊ या. कंत्राटदार देतो की नाही, हे विचारणे हेही मालकाचेच काम आहे. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची शाळा अर्ध्या वर्षात सुटते. आपल्या धर्मग्रामात इतके निवृत्त शिक्षक आहेत, संध्याकाळचा एक तास कोणी देऊ शकेल का? आणि तरुणांनो, तुम्ही जरूर जव्हारला गाडीवर जा. हळू जा. पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि रिकामी परत आणा. जेवण तिथल्याच माणसांकडे घ्या आणि पैशांची घासाघीस करू नका.

त्या संध्याकाळी मी घरी पोहोचलो. तोंडावर धूळ होती. सवयीने नळ सोडला, ओंजळ भरली, आणि ती मुलगी आठवली. नळ बारीक केला. त्याने मोखाड्याला थेंबभरही पाणी जास्त मिळणार नाही, हे मला कळते. तरी केला.

शिमगा आता जवळ आला आहे. कामावरची माणसे चार दिवसांसाठी आपल्या पाड्यांवर परततील आणि दारांवरची कुलपे निघतील. तुमच्याकडे काम करणारा कोणी त्यासाठी रजा मागायला आला, तर त्याला कपाळाला आठ्या न घालता सोडा. जाताना त्याच्या हातात त्याचे पूर्ण पैसे असतील, याची खात्री करा. त्याच्या घरी एक आजी वाट पाहत असेल. कदाचित मी जिच्याकडचे पाणी सांडले, तीच.