घरखर्चाचा हिशेब

वाचकहो, आपल्या देशाच्या सकल उत्पादनात निम्म्याहून अधिक वाटा कुटुंबांच्या खर्चाचा आहे. घराघरांतून धान्य, कापड, औषधे आणि शाळेची फी यांवर जो पैसा बाहेर पडतो, त्याच्याच बळावर कारखाने चालतात आणि हातांना काम मिळते. म्हणून अर्थतज्ज्ञ म्हणतात, लोकांनी खर्च करावा. इस्लामचा याला विरोध नाही. संपत्ती कोंडून ठेवणाऱ्यांना दिव्य कुरआनने (सूरह अत्-तौबा, ३४) कठोर इशारा दिला आहे, तर पुण्याच्या हेतूने कुटुंबावर केलेल्या खर्चाला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सदका ठरविले आहे.

मात्र इस्लाम आणखी दोन प्रश्न विचारतो: हा पैसा आला कोठून, आणि तो पोहोचला कोणापर्यंत?

२०२२-२३ मध्ये भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत सकल उत्पादनाच्या सुमारे ५ टक्क्यांवर आली. अनेक दशकांतील हा नीचांक होता, आणि वाढते कर्ज हे त्याचे एक कारण होते. हप्त्यांवर आणलेली वस्तू किंवा व्याजी कर्ज काढून केलेला लग्नाचा थाट आज बाजारात उलाढाल घडवितो खरा. पण उद्या तेच कुटुंब व्याज फेडण्यासाठी भाजी आणि औषधांत काटकसर करते. ही वाढ नव्हे, उद्याच्या घासाची आजच केलेली उचल आहे. अल्लाह व्याजाला नष्ट करतो आणि दानाला वाढवितो, हे सूरह अल-बकरामधील (२७६) सत्य इथे डोळ्यांनी दिसते.

दानाने वाढ कशी होते, तेही पाहा. त्याच वर्षाच्या सरकारी पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावरच होतो. अशा घरातील विधवेच्या हाती जकातीचे हजार रुपये पडले, तर ते तिजोरीत जात नाहीत. त्याच आठवड्यात ते किराणा दुकानदार, शिंपी आणि दूधवाल्याकडे पोहोचतात. धनवंताच्या हाती पडलेले हजार रुपये मात्र बहुधा पडूनच राहतात. संपत्ती केवळ श्रीमंतांमध्येच फिरत राहू नये, हा सूरह अल-हश्रमधील (७) आदेश म्हणूनच गरिबाची चूल आणि देशाचा बाजार या दोहोंच्या हिताचा आहे.

वाचकहो, संपत्ती ही अल्लाहची अमानत आहे. ती कोठून मिळविली आणि कोठे खर्च केली, याचे उत्तर दिल्याशिवाय कयामतच्या दिवशी कोणाचेही पाऊल पुढे पडणार नाही, असे पैगंबर (स.) यांनी बजावले आहे. तेव्हा या महिन्याचा हिशेब लिहिताना तीन रकाने आखा: गरज, दिखावा आणि दुसऱ्याचा हक्क. दुसरा रकाना जितका आटेल, तितका तिसरा भरेल. घरात लग्नकार्य ठरले असेल, तर ही वही आजच उघडा.

अल्लाह आपणा सर्वांना कंजूषी आणि उधळपट्टी या दोहोंपासून वाचवून मध्यम मार्गावर चालण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.